न टोचलेला खडा

आटगाव, ता. शहापूर
४ ऑक्टोबर २००४

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला घेतो. घरी सगळे बरे. हळव्या भाताच्या लोंब्या वाकल्यात, दसऱ्यानंतर कापणी धरू. अक्षदा चौथीत पहिल्या पाचांत आली. दिवाळीला वैशाखऱ्याला आत्याआजीकडे जायचं म्हणून आताच पिशवी भरून बसली आहे.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "एवढा पळतोस तो नक्की कुठं पोचायला?" तर ऐक. यंदा मी हंगाम आखलाय. कंपनीच्या कॅलेंडरवर लाल गोल केलेत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शहापूरची दहा किलोमीटर. ती फक्त वेग बघायला. जानेवारीच्या मध्याला मुंबईची मोठी, एकवीस किलोमीटर. खरी तीच. त्याच महिन्यात म्हशाच्या जत्रेआधी मंडळाची शर्यत असते, मातीतली, ती मजेखातर. आणि फेब्रुवारीत मुरबाडची बारा, शेवटची. एकवीसला दोन तासांच्या आत यायचं एवढंच मनात आहे. अडतीस वर्षांच्या माणसाला कोण बक्षीस देणार? पण आत्या, पॅकिंग खात्यात दिवसभर पुठ्ठ्याचे खोके चिकटवतो, तिथं माझ्या जागी कोणीही चालतो. पहाटे रस्त्यावर माझ्या जागी मीच लागतो.

गिरजा म्हणते, "शेतात पळा, तण तरी मरेल."

एक गंमत. गेल्या रविवारी चौदा किलोमीटर पळून आलो. बूट काढला तर आतून करवंदाएवढा खडा पडला. तळव्याला भोक पाडून बसलेला, आणि मला पत्ता नाही. मित्र म्हणाले, तुझा पाय लोखंडी आहे. बाबांचेही तळवे असेच होते ना, काट्यावरून चालायचे?

खायचं काय ते कळव. तू आयुष्यभर पायीच हिंडलीस, तुला विचारायचं नाही तर कोणाला?

तुझा
संदेश


वैशाखरे, ता. मुरबाड
१२ ऑक्टोबर

चि. संदेश, सुखी रहा.

तुझा हंगाम वाचला. आमचे हंगाम पाऊस आखतो, तुझे कॅलेंडर. चालायचंच.

खाण्याचं म्हणशील तर सकाळी नाचणीची पेज, मिठाचा खडा घालून. पळून आल्यावर लगेच पाणी ढोसू नको, बैलालासुद्धा आपण आधी सावलीला बांधतो. आदल्या दिवशी वाल नकोत. ते पोटात भांडतात आणि भांडण रस्त्यावर येतं.

आता माझं थोडं ऐक, उगाच विचारते असं समज. खडा कोणत्या पायात होता? तुझ्या बाबांचे तळवे राठ होते खरे, पण काटा टोचला की दामूदादा शिवी देऊन खाली बसायचा, मी पाहिलंय. राठ तळव्यालाही टोचतं. चालताना चप्पल कधी पायातून आपोआप निघून जाते का? अंगावर कुठं फिकट डाग? एक कर. गिरजाला सांग, कोंबडीचं पीस घे, तुझे डोळे मिटव आणि दोन्ही पायांना हळूच लाव. तुला कळेल तिथं बोट ठेव. खरं खरं लिही. म्हातारीचा खेळ म्हणून सोडून देऊ नकोस.

सावळीआत्या


आटगाव
२५ ऑक्टोबर

आत्या,

तुझा खेळ केला. पोरगी हसून हसून लोळली. ती पीस लावत होती, मी डोळे मिटून बसलेलो. म्हटलं, "लाव की गो लवकर." तर म्हणते, "बाबा, तीनदा लावलं मगाशी." उजव्या पायाला सगळीकडे कळतं. डाव्याला घोट्याच्या बाहेरून करंगळीपर्यंत आणि खाली तळव्याच्या कडेला काही नाही. पळून पळून कातडी मेली असणार. खडाही डाव्यातलाच.

चप्पल म्हणशील तर हो, गंमतच आहे. परवा बाजारात दहा पावलं गेलो तेव्हा भाजीवाली ओरडली, "ओ भाऊ, चप्पल विकायला ठेवली का?" मागे बघतो तर एक पाय उघडा. आणि नडगीवर एक फिकट डाग आहे, जुना, दीड वर्षाचा असेल. ते शिबं आहे. घामाने होतं. नायट्याचं मलम लावतो.

तू नको काळजी करू. उलट मला वाटतं, जो पाय दुखत नाही त्याच्यावर जोर जास्त टाकता येतो. आता आठवड्याला पन्नास किलोमीटर होतात. पळताना डावा पाय जरा चपचप वाजतो, तेवढं सुधारलं की एकवीस दोन तासांच्या आत.

अक्षदा धनत्रयोदशीला येते. पोळ्यांची तयारी ठेव म्हणे.

संदेश


वैशाखरे
३० ऑक्टोबर

चि. संदेश,

कार्डावर लिहिण्याजोगं नाही म्हणून टोकावड्याहून पाकीट आणवलं. हे घरात वाचू नकोस. बांधावर जा, एकटा बस, मग वाच.

बाळा, तो पाय लोखंडी नाही. पायाला जीभ असते, ती सांगते खडा लागला, निखारा लागला. तुझ्या डाव्या पायाची जीभ जात चालली आहे. मला हे पुस्तकातून कळलं नाही. माझ्या हातांवरून कळलं.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. चुलीवरचा टोप मी फडक्याशिवाय उतरवायची. सासू शेजारणीला सांगायची, "आमची सावळी चटका सोसते, गुणाची सून." वर्षभर मी त्या कौतुकावर फुगले. कोण जास्त गरम उचलतं म्हणून जावेशी पैज लावायची. मला चटका बसतच नव्हता रे. मनगटाच्या वर एक डाग होता, आम्ही म्हटलं शिबं. एके दिवशी भाकरी थापताना बोट तव्याला चिकटून राहिलं. वास आला म्हणून मी बघितलं, दुखलं म्हणून नाही. मग वैदू आला, आणि तो जे बोलला त्यानंतर माझं ताट अंगणात आलं.

तुझ्या बाबांनी मला आणलं. गावाला सांगितलं, सावळी मुंबईला एका गुरुजींच्या घरी स्वयंपाकाला आहे. मी होते महारोग्यांच्या दवाखान्यात. चार वर्षं. तुम्हां सगळ्यांना वाटतं गुरुजींनी मला लिहायला शिकवलं. शिकवलं ते माझ्या खाटेशेजारच्या भिमीने, औषधाच्या पुड्यांचे कागद सोडवून त्यांवर. डाव्या हाताची बोटं, सगळ्यांना सांगितलं तशी, गिरणीत गेली नाहीत. ती अशीच झिजली, कारण लागलं तरी कळत नव्हतं आणि मी त्यांना सांभाळलं नाही. बरी होऊन सुटले तेव्हा सासरी दुसरी आली होती. म्हणून आजोळी, इथं वैशाखऱ्याला, येऊन राहिले. दादा गेला आणि हे माहीत असलेलं दुसरं कोणी उरलं नाही. आज तुला सांगितलं.

माझ्या वेळी औषध वर्षानुवर्षं चालायचं. आता गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग जातो म्हणजे जातोच. पण गेलेली जीभ उशीर केला तर परत येत नाही. म्हणून सांगते, कॅलेंडरवरचे लाल गोल तसेच राहू देत. उद्या शहापूरला जा. डॉक्टरला डाग दाखव, पाय दाखव, चप्पल निघते ते सांग. दुसरंच काही निघालं तर मला हस, मी ऐकून घेईन. पण तोवर पळू नकोस. एक किलोमीटरही नको.

आत्या


वैशाखरे
२१ नोव्हेंबर

चि. संदेश,

दिवाळी झाली. अक्षदा आली नाही, तुझं पत्रही नाही. शेजारच्या गोदूने विचारलं, "पोर का नाय आली गो?" मी म्हटलं, ताप आला असंल. खोटं बोलायची मला सवय आहे, पण हे जड गेलं.

तू रागावला असशील. मी तुझ्या पोरीला मांडीवर घेऊन भरवलं आणि तोंडातून शब्द काढला नाही, याचा राग आला असेल तर तो बरोबर आहे. मला पत्र लिहू नकोस. पोरीला पाठवू नकोस. एवढं मात्र कर, दवाखान्यात जा. रागाने जा, पण जा.

आत्या


आटगाव
११ डिसेंबर

सावळीआत्या यांस,

मी गिरजा लिहिते. माझं अक्षर चांगलं नाय, तुमी समजून घ्या.

तुमची दोन्ही पत्रं मला गेल्या रविवारी मिळाली. ह्यांनी ट्रंकेत कागदाखाली लपवली होती. मला बोलले होते, आत्याला बरं नाय म्हणून अक्षदाला पाठवायचं नाय.

हे दवाखान्यात गेले नव्हते. रविवारी शहापूरची शर्यत पळाले. सातवे आले. घरी हसत आले, हातात कप. मी बघते तर डावा बूट ओला. मी बोलले, "पायात काय झालंय?" हे बोलले, "घाम असंल." घाम लाल असतो का? मोजा काढला तर कातडी मोज्याबरोबर आली. मी तोंडाला पदर लावला आणि हे बसून माझ्याकडे बघतात, दुसऱ्याचा पाय असल्यासारखे. बांधायला जुनं धोतर शोधायला ट्रंक उघडली, तेव्हा पत्रं हाती लागली. मी वाचली. मग ह्यांच्यासमोर मोठ्यानं वाचली. हे नंतर बोलले, "वाचल्यापासून रोज पळताना वाटायचं, आज दुखेल."

सोमवारी नेलं. बाईडॉक्टर होती. डोळे मिटवून बॉलपेन टेकवला, डागाला आणि पायाला. तेच निघालं. बारा महिने गोळ्या, आणि शिरेची सूज उतरायला वेगळी गोळी. पाय टेकायचा नाय महिनाभर. पळायचं तर नावच नाय. ती बोलली, "दिवाळीआधी आला असतात तर ही जखम नसती, आणि नसही जास्त वाचली असती." मी ह्यांच्याकडे बघितलं नाय.

आमची सगळ्यांची तपासणी झाली. अक्षदाला काय नाय, मला पण नाय.

आत्या, मी तुमच्यावर रागावले. तीन वर्षांची असल्यापासून पोर तुमच्या ताटात जेवते. एकच विचारते, खरं सांगा. तिला तुमच्यापासून झालं असतं का?

गिरजा


वैशाखरे
१६ डिसेंबर

चि. सौ. गिरजा,

तुझं अक्षर चांगलं आहे. आणि तू केलंस ते माझ्या पत्राला जमलं नाही, त्याला हाताला धरून नेलंस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. सदुसष्ट साली मला बरी म्हणून सोडलं, त्यानंतर तीनदा तपासून घेतलं, कागद आहेत. तुझी पोर जन्माला यायच्या कितीतरी आधी माझ्यातला रोग संपला. पण गिरजा, हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. पोर तुझी. तुला माहीत असायला हवं होतं आणि मग तू ठरवायचं होतंस. मी तुझ्या वतीने ठरवून टाकलं, कारण तू नाही म्हणशील याची भीती होती. त्याला दुसरं नाव नाही. माझी चूक.

आता पायाचं. रोज संध्याकाळी, उजेड असताना, पाय कोमट पाण्यात ठेवायचा. पाणी तुझ्या हाताने बघ, त्याच्या पायावर विसंबू नको. जखम भरल्यावरही पाय असाच भिजवायचा, मग ओल्या कातडीला तेल. तळव्याखाली आरसा धरून बघायचं, कुठं लाल आहे, कुठं फोड. लाल दिसलं की दुसऱ्या दिवशी चालणं कमी. मी रोज हात असे बघते, गोदूला वाटतं म्हातारी नशिबाच्या रेषा वाचते. चप्पल अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली, मऊ रबराची. दवाखान्यात देतात, मागून घे.

आणि त्याला टोचून बोलू नकोस गो. मला ठाऊक आहे, अंगणात ताट यायच्या आधी माणूस स्वतःच स्वतःचं ताट लपवतो.

आत्या


आटगाव
२२ जानेवारी २००६

आत्या,

वर्षाने लिहितोय. गिरजा तुला कळवत होती, अक्षदा मे महिन्यात राहून गेली, म्हणून मला न लिहायची सोय होती. लाज वाटत होती. तू तुझी सगळी झाकलेली गोष्ट उघडी केलीस माझ्या पायासाठी, आणि मी ती कागदाखाली घालून पळायला गेलो. सातवा आलो होतो. तो कप मी कपाटाच्या मागे टाकलाय.

शेवटचं पाकीट डिसेंबरात संपलं. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर "पूर्ण" लिहून दिलं. घोटा वर उचलता येतो, पाय आता चपचप करत नाही. पण तळव्याची बाहेरची कड गेली ती गेली. पीस काय, सुई लावली तरी नाही. ते परत येणार नाही असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, पळू का? आधी सरळ नाही म्हणाल्या. म्हणाल्या, चाला, सायकल चालवा. मी चार वेळा विचारलं तेव्हा कागदावर लिहून दिलं. सुरुवात अर्ध्या किलोमीटरपासून. मऊ तळाचा बूट. आणि दर दोन किलोमीटरला थांबून बूट-मोजा काढायचा, तळवा बघायचा. लाल दिसला तर तिथून चालत घरी. मंजूर असेल तर पळा, म्हणाल्या. चार महिने करतोय तसं. हायवेच्या कडेला कोणी नसतं, कोणी विचारत नाही.

यंदाचा हंगाम म्हणजे एकच शर्यत. एकोणीस फेब्रुवारीला, शिवजयंतीची, मुरबाडला. मंडळाची आहे, सहा किलोमीटर. गावातून कल्याण रस्त्याने तीन जायचं, वळून तीन यायचं. नाव दिलंय.

पण आत्या, थांबायचं मनाला पटत नाही. भर शर्यतीत, रस्त्याच्या कडेला बसून बूट काढायचा, तळवा वर करून बघायचा. तेही दोनदा. मागचे पोरगे विचारणारच, काका, काय शोधताय? कंपनीत मी सांगितलंय, मशीनचा पत्रा पडला पायावर. तिथली चार पोरं त्या शर्यतीत आहेत. एखाद्याला कळलं की सोमवारी माझ्या शेजारी खोके चिकटवायला कोण बसेल? सहाच तर किलोमीटर आहेत. आधी नीट बघितलं, नंतर नीट बघितलं, तर मध्ये न थांबता होईल असं वाटतं. गिरजाला हे सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

संदेश


वैशाखरे
२८ जानेवारी

चि. संदेश,

पत्र मिळालं. तू गिरजाला न सांगता मला सांगितलंस, म्हणजे कोणीतरी नाही म्हणावं अशी तुझी इच्छा आहे. तर नाही.

सहा किलोमीटर फार नसतील. पण त्या खड्याला किती किलोमीटर लागले होते ते तुलाही माहीत नाही, मलाही. ज्या पायाला सांगता येत नाही त्याला विचारत बसावं लागतं, पुन्हा पुन्हा, लहान मुलाला विचारतात तसं. त्यात शरम कसली? शरमेपायी माझी बोटं गेली. चार बायकांत हात उलटा करून बघायची मला लाज वाटायची, म्हणून मी बघितलाच नाही. औषधाने रोग घालवला, बोटं लाजेने खाल्ली.

कंपनीतल्या पोरांचं मी सांगू शकत नाही. एखादा उठून दुसरीकडे बसेल. बसूही दे. तुला त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, माझ्यासारखी चाळीस वर्षं मात्र घेऊ नकोस. मी काल गोदूला सांगितलं. भांडी घासत होतो आम्ही ओट्यावर. ती बराच वेळ एकच तांब्या घासत राहिली. मग म्हणाली, "आणि मी तुझ्या हातचं लोणचं पोरीच्या सासरी पाठवलं गो." मी म्हटलं, हो. ती उठून गेली. आज सकाळी दारात उभी राहिली आणि विचारलं, "लोणच्यात मोहरी किती घालतेस?" एवढंच. आत आली नाही. बघू.

आता शर्यतीचं मी असं ठरवलंय. तू म्हणतोस तीन जायचं, तीन यायचं. म्हणजे जाताना दोन किलोमीटरवर जी जागा येते, तीच येताना चारवर येते. दोन थांबे, पण जागा एकच. मी आदल्या दिवशी एसटीने मुरबाडला येते, गिरजाच्या मावसबहिणीकडे, वर्षाकडे, उतरते. ती सकाळी मला त्या दोनच्या दगडापर्यंत पोचवील. गोणपाट, पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडकं घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसेन.

तू येशील तेव्हा माझ्यासमोर बसायचं, पाय माझ्या मांडीवर ठेवायचा. बूट तू काढ, माझ्या बोटांना नाड्या सुटत नाहीत. तळवा मी बघीन. डोळे अजून चांगले आहेत. लाल दिसला तर उठू देणार नाही, मग तू दोन किलोमीटरवर हरलास असं धर आणि आपण दोघं चालत परत जाऊ. नाही दिसला तर जा.

तू न थांबता पुढे गेलास तर मी मागून धावणार नाही, माझं वय नाही. परत येताना थांबशील म्हणून बसून राहीन. तेव्हाही नाही थांबलास तरी शर्यत संपेपर्यंत तिथंच असेन.

कोणी विचारलंच, रस्त्यात ही म्हातारी पाय मांडीवर घेऊन काय बघतेय, तर तू गप्प रहा. दम राखून ठेव. त्याला काय सांगायचं ते मी सांगेन.

तुझी
सावळीआत्या